जकात काढताना मन का आक्रसते?

रमजानचा शेवटचा अशरा आला की आपल्या दुकानदार बांधवांच्या कपाळावर आठ्या दिसू लागतात. गिऱ्हाईक उभे, दारात मागणाऱ्यांची रांग, त्यात मदरशांची पावतीपुस्तके. हात गल्ल्यात जातो, नोट निघते, पण समाधान लाभत नाही. असे का व्हावे?

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात ४६ जणांना पाच किंवा वीस डॉलर दिले गेले. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक खूश आढळले. रक्कम पाच की वीस, याने फरक पडला नाही. आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचा २००७ चा प्रयोग. १९ स्त्रियांना प्रत्येकी १०० डॉलर देऊन, मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना त्यातून गरिबांच्या अन्नपेढीला रक्कम दिली गेली. कधी करासारखी सक्तीने, कधी त्यांच्या मर्जीने. सक्तीने गेली तेव्हाही मेंदूतील सुखाशी संबंधित भाग जागा झाला, मर्जीने दिली तेव्हा जास्त. जकात फर्ज आहे, मग त्यात आनंद कसला, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. (नियत मात्र खुशीची नव्हे, अल्लाहच्या रजेचीच हवी.)

मग बिघडते कुठे? हिशेबात, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकूण जकात किती निघते हेच ठाऊक नसेल तर येणारा प्रत्येक माणूस नवा खर्च वाटतो. समजा, विक्रीचा माल चार लाखांचा, रोकड साठ हजार, वसूल होणारी उधारी चाळीस हजार आणि व्यापाऱ्यांचे देणे एक लाख. हनफी मतानुसार देणे वजा जाता चार लाख उरले. अडीच टक्क्यांनी जकात दहा हजार. (कर्ज वजा करण्याबाबत शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारावे.) यंत्रमाग, शिलाई मशीन, हत्यारे यांवर जकात नाही. निसाब पूर्ण असल्यास चांद्र वर्ष भरण्याआधी थोडी थोडी देण्यास हनफी व शाफई दोन्ही मतांत मुभा आहे. म्हणजे महिन्याला साधारण साडेआठशे रुपये वेगळ्या डब्यात टाकावेत. हे पैसे आपले नव्हेतच, असे एकदा ठरले की देताना हात जड होत नाही, आणि मुस्तहिक शोधायला सवडही मिळते.

शोधणे तर फार गरजेचे. मशीन गहाण पडलेला शिंपी आपल्याच मोहल्ल्यात असतो, पण तो रांगेत उभा राहत नाही. त्याला मशीन घेऊन दिले तर त्याची मालकी पूर्णपणे त्याचीच हवी; 'माझे मशीन नीट चालव' म्हणायचा हक्क आपल्याला उरत नाही. सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत उपकार बोलून दाखवून व मन दुखावून सदका वाया घालवू नका, अशी सक्त ताकीद आहे. तरीही वाटपाचे फोटो काढण्याची हौस काही कमी होत नाही!

डब्याची छोटी वही ठेवावी. तीत तारीख व रक्कम लिहावी. घेणाऱ्याचे नाव लिहू नये, कारण दुकानातील वही नोकरही चाळतो.