हाडांचा ठिसूळपणा आणि पडण्याची भीती

उतारवयात हाड मोडणे हा नशिबाचा भोग आहे, अशी समजूत आपल्या भागात अजूनही आढळते. आजी पडली, खुबा मोडला, अंथरुणाला खिळली आणि गेली, ही हकिगत भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या किती तरी घरांतून ऐकायला मिळते. यात नशिबाचा भाग किती आणि आपल्या अज्ञानाचा किती, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

प्रथम एक घरचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाड चांगले जुळले. तपासणीत हाडे विरळ झाल्याचे दिसले आणि औषध सुरू झाले. पण आई मात्र पूर्वीची राहिली नाही. ती अंगणात उतरेना, देवळात जाईना. येळवशीला शेतात चल म्हटले तर म्हणाली, "नको रे बाबा. पुन्हा पडले तर तुमच्यावरच ओझं." हात बरा झाला होता, भीती बरी झाली नव्हती. वर्षभरात ती इतकी अशक्त झाली की खाटेवरून उठताना आधार लागू लागला. या दुखण्याची दोन अंगे आहेत, एक हाडाचे आणि दुसरे मनाचे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

हाड म्हणजे काय?

हाड म्हणजे निर्जीव दगड, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः हाड ही जिवंत वस्तू आहे. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या जाळीत कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार बसून ते तयार होते. अस्थिभक्षक पेशी जुने हाड पोखरतात आणि अस्थिजनक पेशी त्या जागी नवे रचतात. अशा रीतीने प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी नवा होत असतो.

तिशीपर्यंत या जमाखर्चात जमेची बाजू वरचढ असते. पुढे खर्च हळूहळू वाढतो. स्त्रियांची पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि पहिली काही वर्षे हाडांची झीज झपाट्याने होते. हा संबंध बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी १९४०च्या सुमारास दाखवून दिला. रोगाला ऑस्टिओपोरोसिस हे नाव त्याआधी शंभर वर्षे, १८३०च्या दशकात, स्ट्रासबर्गच्या लोबस्टाइन यांनी दिले होते. मराठीत त्यास अस्थिसुषिरता म्हणतात. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रे असलेले.

येथे बीदरचा जांभा दगड आठवावा. तो सच्छिद्र असतो, तरी त्याच्या पठारावर आणि त्याच्याच चिऱ्यांनी बहामनींचा किल्ला उभा राहिला. छिद्रे असणे हा दोष नव्हे. निरोगी हाडाचा आतला भागही जाळीदारच असतो. छिद्रे मोठी होऊन मधल्या भिंती पातळ होणे किंवा तुटणे, हा दोष.

रोग कसा ओळखावा?

हा रोग मुका आहे. हाड मोडेपर्यंत तो दुखत नाही. मनगट, पाठीचा मणका आणि खुबा ही मोडण्याची नेहमीची ठिकाणे. यांपैकी मणका पुष्कळदा न कळत दबतो. आजीची उंची कमी होते, पाठीला पोक येते आणि आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो. उंची दोन-तीन बोटांनी घटली असेल, किंवा उभ्याने पडल्यासारख्या साध्या कारणाने हाड मोडले असेल, तर तपासणी करून घ्यावी.

ही तपासणी डेक्सा नावाच्या यंत्राने, अगदी कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी होते. तरुण निरोगी माणसाच्या हाडाच्या घनतेशी तुलना करून एक आकडा मिळतो. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास अस्थिसुषिरता समजावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरविले. मात्र हा आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. आकडा वाईट असून ज्यांचे हाड कधीच मोडत नाही अशी माणसे आहेत, आणि आकडा बरा असून ज्यांचे मोडते अशीही आहेत. कारण हाड मोडायला बहुधा दोन गोष्टी जुळाव्या लागतात: हाडाचा कमकुवतपणा आणि पडणे. पहिली गोष्ट हळूहळू सुधारते, दुसरी आजच टाळता येते.

आहार आणि ऊन

आपले मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारी गुणी धान्य खरे, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. दिवसाकाठी ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तरी ते शंभराला पोचत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम हवे. ही तूट कशी भरावी?

दक्षिण कर्नाटकातल्या नाचणीत, म्हणजे रागीत, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. पेलाभर दुधात दोनशेहून अधिक मिळते. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जास्त. शेवग्याचा पाला आणि राजगिऱ्याची भाजी यांतही ते भरपूर आहे. तिळात तर १०० ग्रॅमला बाराशेहून अधिक असते, पण त्यातले सगळे शरीरात उतरत नाही. आपण ज्या सणाला येळवस किंवा वेळ अमावास्या म्हणतो, त्याचे कानडी नाव एळ्ळ अमावास्या. एळ्ळु म्हणजे तीळ. दोन्ही भाषांची माणसे त्या दिवशी शेतात बसून तीळ लावलेली भाकरी आणि भज्जी खातात. वर्षातून एकदा लागणारा हा तीळ भाकरीला रोज लागला तर काय बिघडेल?

कॅल्शियम शरीरात उतरण्यास ड जीवनसत्त्व लागते आणि ते मुख्यतः उन्हात त्वचेमध्ये तयार होते. उन्हाचा आपल्याकडे तुटवडा नाही, तरी घरात वावरणाऱ्या, अंगभर पदर घेणाऱ्या वृद्धांना ते अंगाला लागत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांना २००० साली तेथील निरोगी माणसांतही या जीवनसत्त्वाची उणीव आढळली होती. म्हणून डॉक्टरांना विचारून ते औषधरूपाने घ्यावे लागते.

हाडाची झीज रोखणारी औषधेही आहेत. त्यांतले अॅलेन्ड्रोनेट १९९५पासून वापरात आहे. ते सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. तंबाखू आणि दारू हाडांना मारक आहेत. तसेच सांधेदुखीवर म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावे. त्यांत स्टेरॉइड असले आणि ते दीर्घकाळ पोटात गेले, तर हाडे पोखरली जातात.

भीतीचे चक्र

आता मनाच्या अंगाकडे वळू. पडण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि थोडी भीती उपयोगीही असते, ती पाऊल जपून टाकायला लावते. पण भीतीने चालणेच थांबले तर? मांड्यांचे स्नायू रोडावतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. हाडही वापराविना झिजते. हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते, हे जर्मन शल्यविशारद वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. अंतराळात वजनरहित राहणाऱ्या तरुण, धडधाकट अंतराळवीरांच्या खुब्याचे हाडसुद्धा महिन्याला एक टक्क्याहून अधिक झिजते. मग खाटेवर पडून राहणाऱ्या आजीचे काय होत असेल?

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली या भीतीचे मोजमाप करणारी दहा प्रश्नांची यादी तयार केली. अंघोळ करताना, कपडे घालताना, खुर्चीत बसता-उठताना न पडण्याचा भरवसा किती वाटतो, अशा धर्तीचे हे प्रश्न आहेत. त्यांचा उपयोग असा की "मला भीती वाटते" या मोघम वाक्याचे तुकडे पडतात. नेमकी कशाची भीती ते कळले, म्हणजे उपाय सापडतो.

आईच्या बाबतीत आम्ही हेच केले. तिला सर्वांत जास्त भीती न्हाणीची होती. तिथे शहाबादी फरशी होती, आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातली. झिजून गुळगुळीत झालेल्या त्या फरशीवर साबणाचे पाणी पडले की पाय ठरत नसे. फरशी खरबरीत करून घेतली, भिंतीला लोखंडी कडी बसवली, रात्रीसाठी दिवा ठेवला, उंबऱ्याजवळचे पायपुसणे काढले. चष्म्याचा नंबरही बदलला होता, तो नवा केला. मग रोज हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे, भिंत धरून टाचा उचलणे आणि अंगणात दहा फेऱ्या. कमरेत वाकून घागर उचलणे मात्र कायमचे बंद केले, कारण त्याने मणका दबतो.

भीती एका दिवसात गेली नाही. पहिल्या आठवड्यात आई दोन फेऱ्यांवर बसली. पण पुढच्या येळवशीला ती काठी घेऊन, नातवाचा हात धरून बांधावरून खोपीपर्यंत चालत गेली. तिची हाडे आजही विरळच आहेत. ती तशी आहेत हे तिला ठाऊक आहे आणि ती जपून चालते. पण चालते.

विद्यार्थी मित्रांनो, आपण अठरा-वीस वर्षांचे आहात. आपल्या हाडांत जमा होण्याचा हाच काळ आहे. आज खेळाच्या मैदानावर आणि ताटात जे कमवाल ते साठीत कामी येईल. मुलींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावोगाव जाता. तेथे पाच घरांच्या न्हाण्या पाहाव्यात, फरशी, कडी, दिवा एवढे तपासावे. आणि त्याआधी सुटीत घरी गेलात, तर आपल्या आजीला विचारा की तिला नेमकी कुठे पडण्याची भीती वाटते. उत्तर ऐकून घ्या आणि तिच्याबरोबर अंगणात एक फेरी मारा.