न्हाणीतला विस्तव

बंब आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तांब्याचे गोल पोट, मधोमध उभे नळकांडे. नळकांड्यात गोवऱ्या आणि चिपाडे पेटवायची, भोवतीचे पाणी तापायचे, आणि धूर वरच्या तोंडाने निघून जायचा. नरसाळ्यातून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी यायचे. हा बंब ठेवीत कुठे? अंगणात, परसात, नाहीतर पडवीच्या टोकाला. दार लावून न्हाणीच्या आत बंब पेटविलेला आम्ही तरी कुठे पाहिला नाही.

आता पुष्कळ घरी बंबाच्या जागी गॅसचा गिझर आला आहे. भिंतीवर टांगलेली ही एक पत्र्याची पेटी. नळ सोडला की आतला गॅस आपोआप पेटतो आणि पाणी हां हां म्हणता तापते. ठिणगी पडायला दोन मोठे सेल पुरतात. वीज गेली तरी आंघोळ अडत नाही, सरपण आणावे लागत नाही. सोय मोठी आहे. गिझर घेऊच नका, असे आम्ही म्हणणार नाही.

गेल्या माघात आम्ही एका गावी मुक्कामाला होतो. थंडी कडाक्याची. घरच्या अण्णांनी दिवाळीत नवा गिझर घेतला होता. तो न्हाणीच्या आतच, दाराशेजारच्या भिंतीला बसविला होता. न्हाणी चार फूट रुंद, पाच फूट लांब. एक लहानशी खिडकी होती, पण थंडी येते म्हणून तिला गोणपाट लावले होते. गिझरच्या डोक्यावर धुराडे जोडायला गोल तोंड होते. त्याला काही जोडलेले नव्हते.

आम्ही विचारले, "अण्णा, इथं नळ जोडायचा राहिला का?"

"दुकानदार म्हणाला, याला काय धूर असतोय? गॅसच तो. नळ कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी अण्णांनी आंघोळ केली, मग त्यांच्या मुलाने. तिसरी सूनबाई गेली. थोड्या वेळाने बादली आपटल्याचा आवाज झाला. हाका मारल्या, ओ नाही. अण्णांनी खांद्याने कडी तोडली, आजींनी लुगडे टाकले, आणि तिला उचलून अंगणात आणले. मोकळी हवा लागल्यावर ती डोळे उघडू लागली. कुणी म्हणाले फिट आली, कुणी म्हणाले पित्त. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "न्हाणीत काय पेटतं?" गिझर म्हटल्याबरोबर त्यांनी तोंडाला प्राणवायूची नळी लावली. सूनबाई वाचली. महिनाभर ती डोके दुखते म्हणत होती. तिला घरात सगळे सांगत, "उपाशी राहू नकोस, पित्त चढतं."

असे का झाले ते नीट समजून घेऊ.

कोणताही विस्तव हवा खातो. एक माप गॅस पुरता जळायला पंचवीस-तीस मापे हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गिझर मोठा खादाड असतो. स्वयंपाकाच्या चार-पाच शेगड्या मिळून जाळतील एवढा गॅस तो एकटा जाळतो. पूर्ण आचेवर दहा मिनिटे चालला तर सुमारे सत्तर घनफूट हवेतला प्राणवायू तो संपवतो. आता अण्णांच्या न्हाणीचा हिशेब करा. चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच. चार पाचे वीस, वीस आठे एकशे साठ. म्हणजे सारी हवा एकशे साठ घनफूट. आत गिझर, आत माणूस, आणि दार बंद! पहिल्याला फारसे कळत नाही. मागून जाणाऱ्याच्या वाट्याला उरलेली हवा येते.

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळ्यांत पाणी येत नाही, ठसका लागत नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण ओळखू यावा म्हणून त्यात मुद्दाम वासाचे औषध मिसळलेले असते. जळल्यावर होणाऱ्या या वायूला तसला काही वास नसतो. तेव्हा वास आला नाही, म्हणून निर्धास्त राहू नये.

हा वायू अंगात काय करतो? आपल्या रक्तातले तांबडे कण एसटीच्या गाडीसारखे आहेत. छातीत प्राणवायू बसवून घेतात आणि अंगभर पोचवतात. हा वायू आत शिरला की तो त्या जागा अडवतो. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट तो तिथे चिकटतो आणि लवकर उतरत नाही. प्राणवायू खाली उभाच. मग डोके दुखते, गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते. माणसाला कळते की काहीतरी होते आहे, पण कडी काढण्याइतकी शक्ती हातात राहत नाही. डॉक्टरमंडळींच्या हे इतके पाहण्यात आले आहे की त्यांनी याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नावच दिले आहे.

संध्याकाळी आजी ओट्यावर बसून म्हणाल्या, "बंब कदी कुनी न्हाणीत पेटवला व्हता का? इस्तव घरात कोंडला की घर खातो." आमच्या साऱ्या पाठाचे मर्म आजींनी दोन वाक्यांत सांगितले. गिझर हाही बंबच आहे. त्याला बाहेर काढा.

तेच अण्णांनी केले. कंपनीचा माणूस बोलावून गिझर परसाच्या भिंतीला बाहेरून बसविला. न्हाणीत आता फक्त कढत पाण्याचा नळ येतो. गिझरवर पावसासाठी पत्र्याचे छप्पर केले, पण पुढची बाजू उघडी ठेवली. वारा लागतो म्हणून चहूबाजूंनी फळ्या ठोकल्या असत्या, तर ती दुसरी न्हाणीच झाली असती. शिवाय गिझर खिडकीच्या खाली येणार नाही हे पाहिले. खाली आला तर जळका वायू खिडकीतून पुन्हा आत यायचा.

सिलिंडरही बाहेर, सपाट जमिनीवर, उभा ठेवला. हा गॅस हवेहून जड आहे. गळला तर खाली खाली साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात कधीही ठेवू नये. रबरी नळी दीड मीटरहून लांब नको, आणि ती भिंतीच्या भोकातून ओढायची नाही. स्वयंपाकाच्या नळीला मध्येच फाटा फोडून गिझर जोडण्याची युक्ती काही घरी दिसते. ती फार वाईट. जोड घट्ट आहे की नाही हे साबणाच्या पाण्याने पाहावे, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून पाहणारे महाभाग अजून आहेत, म्हणून लिहिले.

पण सगळ्यांनाच परस नसते. चाळीत, गल्लीत, भिंतीला भिंत लागलेल्या घरांत गिझर आतच बसवावा लागला तर? तर धुराडे जोडता येईल असाच गिझर घ्यावा, त्यावर आयएसआयची खूण पाहावी, आणि धुराडे जोडल्याशिवाय तो पेटवू नये. धुराडे पत्र्याचे हवे. प्लास्टिकचा पाण्याचा नळ लावला तर तो उष्णतेने वितळतो. गिझरपासून निदान दोन फूट ते सरळ वर जाऊ द्यावे आणि मगच वळवावे, कारण गरम वायू वर चढतो. सुरुवातीलाच आडवे केले की तो अडतो. वळणे जितकी कमी तितके बरे. वरचे तोंड छपराच्या बाहेर मोकळ्यावर काढावे आणि त्यावर टोपी बसवावी, म्हणजे पाऊस आणि वारा आत शिरणार नाहीत. माळ्यावर किंवा कौलांखाली सोडून दिलेले धुराडे असून नसून सारखेच.

धुराडे असले तरी नवी हवा आत यायला वाट हवीच. दाराच्या खाली जाळी ठेवावी, वर झरोका ठेवावा, आणि थंडी कितीही पडो, त्यात चिंध्या कोंबू नयेत. न्हाणीत हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर गिझर चालू असताना तो लावू नये. तो धुराड्यातला वायू उलटा खाली खेचतो.

धुराडे ओढते की नाही हे पाहायला उदबत्ती पुरते. गिझर पेटल्यावर पाच मिनिटांनी त्याच्या वरच्या फटीशी पेटती उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर तोंडावर आला तर गिझर लगेच बंद करावा आणि कारागिराला बोलवावे. ज्योत निळी असावी. पिवळी झाली, किंवा पेटीवर काजळी दिसू लागली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. दिवाळीच्या आधी, गिझर रोज चालू व्हायच्या वेळी, हे एकदा पाहून घ्यावे. उन्हाळ्यात चिमण्या धुराड्यात घरटे करतात.

आणि कुणी आत पडलेच तर? दार फोडा, त्याला आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा. आत शिरणाऱ्याने श्वास रोखून जावे आणि झटकन परत यावे. वाचवायला गेलेलाही पडू शकतो. मग गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. गॅस गळून वास येत असेल तर दिव्याचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका, आणि १९०६ या नंबरावर कळवा. दवाखान्यात गेल्यावर "गिझर चालू होता" हे आपण होऊन सांगा. बोटाला लावतात तो चिमटा या वेळी फसवतो. प्राणवायूची जागा दुसऱ्याने अडवली आहे हे त्याला ओळखता येत नाही, आणि आकडा चांगला दाखवतो. माणूस शुद्धीवर आला म्हणून दवाखाना टाळू नका.

अण्णांच्या न्हाणीत गिझरचे जुने खिळे अजून आहेत. त्यांवर आता टॉवेल टांगतात. खिडकीचे गोणपाट आजींनी काढून पायपुसणे केले.