आधी ‘कधी’ विचार, मग ‘काय’

भाचीबाई, गाडी घेतलीस ते बरं केलंस. सौदीत दम्माम-जुबैलकडे गाडीवाचून नोकरी करायची म्हणजे रोज दुसऱ्याच्या वेळेवर जगायचं. यारिस, सनी, अॅक्सेंट, डिझायर, यांतली कुठलीही घेतली असतीस तरी मी नाक मुरडलं नसतं. छोट्या गाडीचं इंजिन साधं, पार्ट स्वस्त आणि सनायातल्या, म्हणजे इथल्या गॅरेजांच्या वस्तीतल्या, कुठल्याही मेकॅनिकचा तिच्यावर हात बसलेला. पण इथे तिला कष्ट मोठे पडतात. 22 जून 2010 ला जेद्दात पारा 52 अंशांवर गेला होता. तेवढा रोज जात नाही, पण पंचेचाळीस अंश, वर एसी, समोर वाळू आणि 120 चा वेग, एवढं त्या लहानशा इंजिनाला सोसायचं असतं.

तुला एकच मुख्य गोष्ट सांगायची आहे, बाकीचं तिच्याच पोटातलं. गाडी कुरकुरायला लागली की माणूस विचारतो, ‘काय झालं?’ ते मेकॅनिकला शोधू दे. तू बघायचंस ते ‘कधी होतं’. गाडी उभी असताना की पळताना? इंजिन थंड असताना की तासभर चालवल्यावर? एसी चालू असताना की बंद? ब्रेक दाबल्यावर की रेस दिल्यावर? एवढं नीट सांगता आलं की निम्मा रोग पकडला गेला, आणि पाकिटाला लागणारी निम्मी कात्रीही टळली.

सिग्नलवर तापते की हायवेवर?

गाडी सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर. पळताना वाराच रेडिएटर थंड करतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. मोटर गेली असेल, रिले गेला असेल, नाहीतर नुसता फ्यूज उडाला असेल. उलट शहरात ठीक आणि हायवेवर चढावाला किंवा वेगात तापत असेल, तर पाणी नीट फिरत नाही असं समज. रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही, वॉटर पंप दमलाय किंवा कूलंटच कमी आहे.

बऱ्याच छोट्या गाड्यांत हल्ली तापमानाचा काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल दिवा म्हणजे तापलं. लाल दिसला की एसी बंद कर, काचा खाली कर, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू कर. अंगाची लाही होईल, पण इंजिनातली उष्णता तिकडून बाहेर पडते. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून थांब. दिवा गेला नाही, किंवा बॉनेटमधून वाफ येत असेल, तर लगेच इंजिन बंद. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्यांचीच हेड गॅस्केट उडतात, आणि मग बिल काही रियालांचं राहत नाही, काही हजारांचं होतं.

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, उकळतं तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास जाऊ दे, मग जाड फडकं धरून हळूहळू सैल कर. तापल्या इंजिनात थंडगार पाणी एकदम ओतू नकोस, धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीत प्यायच्या बाटलीतलं पाणी चालेल, पण घरी पोचल्यावर ते काढून रीतसर कूलंट भरून घे. नळाच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो. आणि कूलंट परत परत कमी होत असेल, तर नुसतं भरत बसू नकोस. ते कुठेतरी जातंय. कुठे, ते शोधायला लाव.

एसी गारवा कधी देतो?

चालत्या गाडीत गारवा आणि सिग्नलला गरम वारा, म्हणजे कंडेन्सरचा पंखा मंदावलाय किंवा कंडेन्सरच्या जाळीत वाळू आणि किडे बसलेत. ती जाळी पुढच्या ग्रिलच्या मागे असते. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन घे. प्रेशरचा फवारा जवळून मारला तर तिची पातळ पाती वाकतात. हवा गार आहे पण येतेच कमी, तर केबिन फिल्टर. तो बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असतो आणि बदलायला पानासुद्धा लागत नाही. एसीवाल्याकडे जाण्याआधी तो एकदा उपसून बघ.

‘गॅस संपलाय, भरून घ्या’ हे वाक्य तू इथे पुष्कळ ऐकशील. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. गळती न शोधता गॅस भरला तर पुढच्या महिन्यात तोच दुकानदार तुला परत हसून या म्हणतो.

गाडीखाली पाणी दिसलं तर घाबरू नकोस. उन्हाळ्यात समुद्राकडची हवा इतकी दमट असते की एसीचं पाणी धारेने गळतं. बोट लावून बघ: स्वच्छ, बिनवासाचं असेल तर ते एसीचंच. हिरवं, गुलाबी किंवा लाल, चिकट, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. काळं-तपकिरी, तेलकट असेल तर इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट तेलासारखं गळताना दिसलं तर ते ब्रेकचं समज आणि गाडी हलवूच नकोस.

सेल्फ मारताना काय ऐकू येतं?

इथल्या उन्हात बॅटरी दोन-तीन वर्षांवर टिकली तर नशीब समज. उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर गंजतात आणि पाणी उडतं. उन्हाळ्यात ती मनातल्या मनात मरते आणि एखाद्या सकाळी ड्यूटीच्या वेळेला कळवते.

चावी फिरवल्यावर टकटकटक आवाज येऊन डॅशबोर्डचे दिवे मंद झाले, तर बॅटरी. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी बघ, कधीकधी ती साफ करून घट्ट आवळलं की काम होतं. दिवे झगझगीत आणि एकच ‘टक’, तर स्टार्टर. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नकोस, पेट्रोल किंवा स्पार्क तपासायला सांग. मीटर असलेला कुणी भेटला तर दोनच आकडे लक्षात ठेव: रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू इंजिनावर साधारण 13.8 ते 14.5. चालू इंजिनावरही 12 च्या आसपास राहिली तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, नवी बॅटरी टाकून पैसे घालवशील.

जंपर केबल डिकीत ठेव. लाल केबल आधी तुझ्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक तुझ्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा जोड करताना ठिणगी उडते आणि बॅटरीपाशी गॅस असतो, म्हणून हा क्रम. काढताना उलटा.

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर बहुधा बेल्ट तुटलाय किंवा अल्टरनेटर गेलाय. तोच बेल्ट पुष्कळ गाड्यांत वॉटर पंपही फिरवतो. दिव्यासोबत गाडी तापायला लागली तर पुढे जायचा विचार सोड.

थरथर आणि आवाज

स्टिअरिंग फक्त 90 ते 110 च्या मध्ये थरथरतं, तर व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं, तर डिस्क वाकडी झाली. सिग्नलला डी मध्ये उभी असताना सगळी गाडी हुंहुं करते, तर इंजिन मौंटिंग किंवा घाण झालेली थ्रॉटल बॉडी. रेस दिल्यावर झटके देते, मिसिंग मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, तर प्लग किंवा कॉइल. दिवा नुसता पिवळा लागलेला असेल तर सवडीने दाखव, पण लुकलुकत असेल तर रेस कमी कर आणि जवळच्या गॅरेजला घे. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं आणि तो पार्ट महाग.

सकाळी सुरू करताना चीं करून आवाज आला आणि थोड्या वेळात गेला, तर बेल्ट. ब्रेक हलका दाबल्यावर किंचाळतो, तर पॅड संपत आलेत. पॅडवरची पत्री मुद्दाम त्यासाठीच लावलेली असते. किंचाळणं जाऊन खरखर सुरू झाली की लोखंड लोखंडाला लागलं. पूर्ण वळवून गाडी काढताना टकटक येते, तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी लांब वळणावर कमीजास्त होते, ती बेअरिंगची. स्पीडब्रेकरवर ठक्क आवाज आला तर लिंक रॉड किंवा बुश.

टायरचं वय बघ, नुसती नक्षी बघू नकोस

इथे फुटलेल्या टायरनेही माणसं मरतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2423 म्हणजे 2023 च्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत दिसो, बदल. डिकीतल्या स्टेपनीचंही वय असतं, तिच्याकडे कुणी बघत नाही. नवा टायर घेताना तारीख स्वतः वाच, दुकानात बरीच वर्षं पडलेला मालही ‘नवा’च असतो.

हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी भर. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. तापलेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पीएसआय जास्त दिसतो, म्हणून उन्हात हवा काढायची नाही. लोकांना उलट वाटतं, पण कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि तोच फुटतो. फुटलाच तर ब्रेकवर उभी राहू नकोस. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धर, रेस सोड, गाडी आपोआप मंदावू दे.

सनायात गेल्यावर

24 जून 2018 पर्यंत इथे बायकांना गाडी चालवायची मुभाच नव्हती. त्यामुळे वर्कशॉपमध्ये बाईमाणूस उभी राहिली की अजून काहीजण तिच्याशी न बोलता सोबतच्या पुरुषाशी बोलतात. तू बोल. मेकॅनिक पाकिस्तानी, बांगलादेशी, यमनी, कुणीही असो, बहुधा हिंदी-उर्दूवर काम भागतं. पण ‘पंप बदलून द्या’ असं कधी म्हणू नकोस. तू उपाय सांगितलास तर तो तेवढंच करतो, आणि रोग राहिला तरी पैसे तुझेच. लक्षण सांग: ‘सिग्नलला तापते, हायवेला नाही.’ चांगला मेकॅनिक लगेच कान टवकारतो. ‘सगळं इंजिन खोलावं लागेल’ असं दुसऱ्याच मिनिटाला म्हणणाऱ्याकडून चावी परत घे.

पार्ट वकालाचा (कंपनीच्या एजन्सीचा) की तिजारी (बाहेरचा, पर्यायी), भाव आधी ठरव. जुना पार्ट परत माग. गिअरबॉक्स सीव्हीटी असेल तर तिचं ऑइल कंपनीने सांगितलेलंच हवं, ‘हेही चालतं’ हे ऐकून घेऊ नकोस. आणि गाडीला ठोकर लागलेली असेल तर दुरुस्तीच्या परवानगीचा कागद असल्याशिवाय पत्र्याचं काम कुणी रीतसर घेत नाही, हे ध्यानात ठेव.

नव्या खासगी गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फहस, म्हणजे गाडीची तपासणी, करावी लागते. तिथे ब्रेक, दिवे, टायर, धूर, सगळं यंत्रावर बघतात. त्याला डोकेदुखी समजू नकोस. मेकॅनिकला तुला काही विकायचं असतं, फहसवाल्याला नसतं. नापास झालीस तर तो कागद घेऊनच गॅरेजला जा, त्यात लिहिलंय तेवढंच करून घे.

निघण्याआधी

दम्मामहून रियाधला जाशील तर चारशे किलोमीटर आहे, मध्ये दहनाची वाळू. वर्कशॉप शुक्रवारी बंद किंवा दुपारनंतर उघडणारी, म्हणून तपासणी गुरुवारी संध्याकाळी करून घे. डिपस्टिकवर ऑइल, बाटलीत कूलंट, टायरची हवा, एवढंच. डिकीत पाण्याचा क्रेट, जंपर केबल, टॉर्च आणि त्रिकोण. बंद पडलीस तर गाडीत किंवा तिच्या मागे थांबू नकोस, कठड्यापलीकडे उभी राहा आणि सतहा (गाडी उचलून नेणारा ट्रक) बोलव. पूर्व प्रांत, रियाध, मक्का, मदिना या भागांत तातडीच्या मदतीला 911 लागतो. रात्री शक्यतो निघू नकोस, उंट रस्त्यावर आला तर अंधारात जवळ आल्यावरच दिसतो आणि छोट्या गाडीत तो सरळ काचेवर येतो.

जून-जुलैत शमालचा वारा सुटला की वादळानंतर एअर फिल्टर काढून बघ. रत्नागिरीत आपण मिरगाच्या आधी वायपर आणि ब्रेक बघून घेतो. इथे एप्रिल संपायच्या आत बॅटरी, कूलंट, बेल्ट, टायर आणि एसी ही पाच कामं उरकायची. तेवढी झाली की उन्हाळाभर गाडी तुला रस्त्यात सोडणार नाही. आणि सोडलीच, तर मला फोन कर, पण आधी कधी होतं ते बघून ठेव.