कुंडीतील माती

चांदवडच्या परिसरातील काळी माती बेसाल्ट नावाच्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे. ती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. म्हणून शेतात गुणकारी ठरते. परंतु केवळ तीच माती कुंडीत भरून मनीप्लांटची वेल लावली, तर काय होईल? पाणी मिळताच माती फुगते व तिच्यातील पोकळ्या बुजतात. हवेवाचून मुळे कुजू लागतात. पाने पिवळी पडतात. वेल तहानली असे समजून आपण आणखी पाणी घालतो आणि तिचा अंत ओढवतो!

ही वेल मूळची उष्ण प्रदेशातील वनांतली; भुसभुशीत पालापाचोळ्यात वाढणारी. म्हणून माती, जाड वाळू आणि कुजलेला पाला समभाग मिसळावा. कुंडीच्या तळाला छिद्र असावे. मुलांनो, मुळांनाही श्वास घ्यावा लागतो!