व्हिसा तिकडे, तयारी ठाकुर्लीत

पोरांनो, दोघं बालीला निघालात, ऐकून फार बरं वाटलं. पण व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो म्हणून इथं काही करायचं नाही, असं समजू नका. काउंटरवरचा अधिकारी जे मागतो ते घरातून निघतानाच हाताशी असावं लागतं. आपल्या घरातून परदेशी निघालेल्या प्रत्येकाला जे सांगत आले, तेच तुम्हालाही सांगते.

आधी पासपोर्ट उघडा. पोचायच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिन्यांची मुदत हवी आणि शिक्क्यासाठी कोरं पान हवं. मुदत कमी असेल तर ठाण्याला वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख आधी घ्या, तिकीट मग काढा. सूनबाईंनी लग्नानंतर नाव बदललं नसेल तर काही बिघडत नाही. तिकिटावर मात्र पासपोर्टवरचंच नाव हवं, अक्षरन् अक्षर. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून दुबईला जाणं २०२२ पासून अवघड झालं आहे.

खरी चौकशी मुंबई विमानतळावरच सुरू होते. प्रवाशाला तिकडून परत पाठवलं तर भुर्दंड विमान कंपनीला बसतो, म्हणून बोर्डिंग पास देण्याआधी तेच कागद बघतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून घ्या. मोबाइलवर असलं तरी छापाच. बॅटरी नेमकी रांगेत संपते.

बालीच्या व्हिसाला ५ लाख रुपिया लागतात, म्हणजे आपले अडीच-तीन हजार रुपये. शिवाय २०२४ पासून १ लाख ५० हजार रुपियांचा पर्यटक कर आहे. कार्ड चाललं तरी थोडे डॉलर रोख ठेवा, नोटा कोऱ्या आणि डाग नसलेल्या. बँकेतून किंवा परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पावती जपा. हाच व्हिसा निघण्याआधी ऑनलाइनही काढता येतो, पण इंडोनेशिया सरकारच्याच संकेतस्थळावर. तशाच दिसणाऱ्या साइट्स वरचे पैसे उकळतात.

एका देशाचा नियम दुसऱ्याला लावू नका. मालदीवमध्ये ३० दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो, पण प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. दुबईत तर आपल्याला सरसकट उतरल्यावर व्हिसा नाहीच. अमेरिकेसारख्या काही देशांचा व्हिसा किंवा वास्तव्याचा परवाना असेल त्यालाच तो मिळतो. आणि कधी दुबईला गेलात तर फराळात अनारसे नेऊ नका. खसखशीला तिथं बंदी आहे.

घरातून वेळेवर निघा. ठाकुर्लीला धीम्या लोकलच थांबतात. दुपारी गर्दी नसताना घाटकोपरला उतरा, मेट्रोने मरोळ नाका गाठा आणि तिथून भुयारी मेट्रोने टी-२ ला जा. सकाळच्या गर्दीत किंवा रात्री उशिराचं विमान असेल तर गाडीच करा. तीन तास आधी पोचायचंच.

हातातल्या पिशवीत पेन आणि हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद ठेवा. कशासाठी आलात विचारलं तर फिरायला, एवढंच सांगा, आणि दोघांचं उत्तर एकच असू द्या. बालीच्या या व्हिसावर काम करता येत नाही. लॅपटॉपवर ऑफिसचं काम उरकू, असं मनातही आणू नका.

उतरलात तो दिवस पहिला धरतात, दुसऱ्या दिवसापासून मोजू नका. मुदत ३० दिवसांची, एकदाच वाढवून मिळते. त्यापुढे राहिलात तर रोज माणशी १० लाख रुपिया दंड. म्हणून काउंटर सोडण्याआधी दोघांच्याही पासपोर्टवरची तारीख वाचा. चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करून मागा, लाजू नका. मागे रांग असली तरी तेवढा वेळ तुमचा हक्काचा आहे.