‘क्वीन’ आणि ‘जनानखाना’

विद्यार्थी मित्रांनो, इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ‘जनानखाना’ हा शब्द वाचला असेल. तो ‘जननी’वरून आला असावा असे वाटते ना? पण तो फारसीतला आहे. फारसीत ‘झन’ म्हणजे स्त्री.

आता या दोन ओळी पाहा :

संस्कृत जनि, फारसी झन, रशियन झेना, इंग्रजी क्वीन.
संस्कृत जीव, फारसी झिंदा, रशियन झिवोय, इंग्रजी क्विक.

ऋग्वेदातील ‘जनि’ म्हणजे स्त्री किंवा पत्नी. ‘झेना’ म्हणजे पत्नी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘क्वीन’चा अर्थही स्त्री, पत्नी असा होता, पुढे तो राणीपुरता उरला. ‘झिवोय’ म्हणजे जिवंत, आणि ‘क्विक’चा जुना अर्थही जिवंत असाच!

दोन्ही ओळींत संस्कृतात ‘ज’, फारसी व रशियनमध्ये ‘झ’, तर इंग्रजीत ‘क्व’ आहे. असा नेमाने होणारा बदल अनेक शब्दांत आढळला, की भाषाशास्त्रज्ञ त्यांचे मूळ एक मानतात. या मूळ भाषेला इंडो-युरोपीय म्हणतात. तिचा एकही लेख उपलब्ध नाही. ती अशा तुलनेतूनच कळते.

मग ‘जननी’चे काय? ती ‘जन्’ म्हणजे जन्म देणे या धातूपासून झाली. त्याचा इंग्रजीतला नातलग ‘किन’, म्हणजे नातेवाईक. येथे ‘क्व’ नाही, नुसता ‘क’ आहे. मुळात निराळे असलेले दोन ध्वनी संस्कृतात ‘ज’ झाले. इंग्रजीत मात्र ते वेगळे राहिले. म्हणून ‘जनाना’ची बहीण शेजारची ‘जननी’ नव्हे, तर दूरची ‘क्वीन’!