बारावीनंतर लगेच मुंबई? नको!

निकाल लागले की गोंदिया, तिरोडा, आमगावकडून ठरलेला प्रश्न येतो : मुलगी लहानपणापासून स्नेहसंमेलन गाजवते, रील्सही चालतात, तिला बारावीनंतर मुंबईला पाठवू का? उत्तर स्पष्ट आहे : पाठवू नका. नीट, जेईई, पोलीस भरती हे रस्ते पालकांना तोंडपाठ आहेत, त्यांवर इथे शब्द खर्च करत नाही. अभिनयाचा रस्ता घरात कुणालाच ठाऊक नसतो आणि तिथेच पोर्टफोलिओच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांचं फावतं. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी फसवणूक टळेल.

रीमा लागूंचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, पुण्याच्या हुजूरपागेत शिकतानाच लेकीचे गुण दिसलेले. तरी व्यावसायिक काम सुरू झालं ते शालेय शिक्षण आटोपल्यावर. पुढे १९७९पासून दहाएक वर्षं युनियन बँकेतली नोकरी आणि तिच्याच जोडीला नाटक, मालिका, चित्रपट. 'मैंने प्यार किया' आला १९८९मध्ये. म्हणजे घराघरांत पोहोचण्याआधीचा काळ पगाराच्या आधाराने निघाला. घरात नाटक असलेल्या मुलीला हा आधार लागला, तर मुंबईत ओळखपाळख नसलेल्या मुलीला तो नको कसा? शिक्षणाचाही हिशेब तसाच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी आणि किमान सहा नाटकांतला सहभाग लागतो. पुण्याच्या एफटीआयआयच्या अभिनय अभ्यासक्रमालाही पदवी लागते. बारावीवर मुंबई गाठणारी मुलगी ही दोन्ही दारं स्वतःच लावून घेते.

ही सहा नाटकं कुठे करायची? गोंदियाकरांना हा प्रश्न पडावा, हेच नवल. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी आहे. दिवाळीनंतर मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी मंडप पडतात, मंडळं कंपनीचं नाटक ठरवतात, तिकिटं विकतात आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच पडतो. या रंगभूमीवर उभं आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. तरी आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत झाडीपट्टीचं नाव निघालं की नाकं मुरडली जातात. तिथला अभिनय भडक, कॅमेऱ्याला चालणार नाही, असा आक्षेप असतो. तो खोटा नाही, पण आवाज आणि हातवारे आवरायला शिकवता येतं. भरलेल्या मंडपासमोर रात्रभर भूमिका पेलण्याचा दम कुठल्याही आठवड्याभराच्या कार्यशाळेत मिळत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : रात्रीचा प्रवास, मुलीची सुरक्षितता, बुडणारा अभ्यास. हंगाम नेमका परीक्षांच्या तोंडावर चालतो, म्हणून अठरा वर्षांआधी झाडीपट्टी नकोच. तोवर शासनाची बालनाट्य स्पर्धा आहे, नंतर हौशी राज्य नाट्य स्पर्धा. पदवीला असताना कंपनीत जायचं तर प्रवास, मुक्काम आणि नाइट (प्रयोगाचं मानधन) किती, हे आधी कागदावर घ्या.

खरी अडचण मात्र पालकांचीच आहे. काही जण मुलीला नाटकापासून तोडतात, तर काही पाचवीतल्या पोरीला ऑडिशनच्या रांगेत उभं करतात. दुसऱ्या प्रकारच्या पालकांनी कायदा वाचावा. चौदा वर्षांखालील बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त राबवता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम चालत नाही आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. हे नियम करावे लागले, कारण मुलांच्या कमाईवर मोठ्यांचा डोळा असतो. तेव्हा यंदा मुलीचा प्रवेश जवळच्या महाविद्यालयात घ्या आणि तिथलं नाट्य मंडळ सुरू आहे की नाही, ते प्रवेशाच्या दिवशीच विचारा. नसेल तर सुरू करायला लावा. तिला मुंबईला जायचंच असेल, तर पदवी आणि सहा नाटकं गाठीशी घेऊन जाऊ द्या.